गटात तपासणार असाल तर आधी आमचं ऐका: हॉस्पिटल चालवणाऱ्यांना आणि डॉक्टरांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र ओपीडीचं टाइमटेबल बसवणाऱ्यांना आहे, मेडिकल डायरेक्टरना आहे, शुगरच्या डॉक्टरांना आहे आणि सायकियाट्रिस्टनाही आहे. लांब झालंय, माहीत आहे. पण ओपीडीत मला सात-आठ मिनिटं मिळतात, त्यातली दोन केसपेपर शोधण्यात जातात, तिथे हे कधी बोलायचं म्हणून इथे लिहितेय.

मी बायपोलरची पेशंट आहे, म्हणजे मन कधी टोकाला चढतं, कधी खोल खाली जातं. १६ वर्षं झाली, मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू आहे आणि ते मला लागू पडलंय, लिथियमबद्दल माझी काही तक्रार नाही. सहा वर्षांपूर्वी टाइप २ डायबेटिस निघाला. म्हणजे आता दोन आजार, दोन्ही जन्मभराचे, दोन डिपार्टमेंट, दोन केसपेपर, दोन रांगा, आणि दोन्हीकडचे डॉक्टर चांगले आहेत पण ते एकमेकांशी बोललेले मी सहा वर्षांत एकदाही पाहिले नाहीत. त्यांच्यामधला निरोप्या मीच. आणि मी डिप्रेशनमध्ये असले की तो निरोप पोचत नाही, एवढं साधं आहे ते.

मधे सव्वा वर्ष मी एका ग्रुप अपॉइंटमेंटला जात होते. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहिणार नाही, नाव घेऊन कुणाला खाली बघायला लावायचं नाहीये मला. सुरुवातीचे नऊ-दहा महिने ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले उपचार होते, आणि नंतरचे चार-पाच महिने इतके वाईट की मी जाणं सोडलं. आता ऐकतेय की बऱ्याच ठिकाणी हे सुरू करायचा विचार चालू आहे, कारण डॉक्टर कमी आणि पेशंट जास्त. करा, जरूर करा. पण त्या खोलीत बसलेल्या माणसाला काय मिळतं आणि काय हिरावलं जाऊ शकतं ते आधी ऐकून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी सही केली होती की इथे ऐकलेलं इथेच राहील. गट बंद पडला तरी ती सही माझ्यासाठी चालूच आहे. म्हणून या पत्रात मी फक्त माझ्याबद्दल लिहितेय. दुसऱ्या कुणाची एकच गोष्ट येईल, आणि ती त्या व्यक्तीला विचारून, ती 'लिही' म्हणाली म्हणून.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रुप अपॉइंटमेंट म्हणजे ग्रुप थेरपी नाही आणि आहारावरचं लेक्चरही नाही. ती खरीखुरी तपासणीच असते, फक्त दहा-बारा पेशंट एकत्र बसलेले असतात आणि वेळ साधारण ९० मिनिटं. आमच्याकडे आधी सिस्टर प्रत्येकाचं वजन, बीपी, कंबर, शुगर घ्यायच्या, पडद्यामागे, मोठ्याने आकडा न सांगता. मग आम्ही गोलात बसायचो. डॉक्टर एकेकाशी बोलायचे, रिपोर्ट बघायचे, डोस कमी-जास्त करायचे, तपासण्या लिहायचे, आणि हे सगळं बाकीचे ऐकत असायचे. सोबत एक काउन्सेलर असायच्या, त्यांचं काम खोली सांभाळणं. कोण गप्प झालंय, कोण फारच बोलतंय, कुणाचे डोळे भरलेत. आणखी एक जण नोंदी लिहायला, म्हणजे डॉक्टरांची नजर कॉम्प्युटरवर नाही तर आमच्यावर. शेवटी ज्याला हवं त्याला डॉक्टर शेजारच्या खोलीत एकट्याला भेटायचे, पाच मिनिटं का होईना. ज्याला कपडे बाजूला करून तपासायचं तेही तिथेच.

हे काही नवीन खूळ नाही. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी टीबीच्या गरीब पेशंट्सचा असा वर्ग चालू केला, ज्यांना सॅनेटोरियम परवडत नव्हतं त्यांच्यासाठी. टीबीवर तेव्हा औषध नव्हतंच. आठवड्याला सगळे जमायचे, प्रत्येकाकडे स्वतःची वही, त्यात ताप किती, काय खाल्लं, मोकळ्या हवेत किती तास काढले ते लिहायचं, वजन व्हायचं, आणि घरी भेटायला माणूस जायचा. आणि याच प्रॅटनी पुढे १९३० साली ज्यांच्या तक्रारी शरीराच्या पण मूळ मनात अशा पेशंट्ससाठी तसाच वर्ग काढला. मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं. छाती आणि मन, दोन्हीसाठी एकच माणूस एकच पद्धत वापरतो. आम्ही मात्र अजून दोन बिल्डिंगमध्ये फिरतोय.

आत्ताच्या रूपात ही पद्धत आली १९९० च्या दशकात, अमेरिकेत कैसर परमनेंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेत. जॉन स्कॉट नावाच्या डॉक्टरांनी वयस्कर पेशंट्सचा महिन्यातून एकदा भेटणारा कायमचा गट केला, आणि १९९६ च्या सुमारास एडवर्ड नॉफसिंगर यांनी ९० मिनिटांची, ज्याला गरज आहे त्याने त्या आठवड्याला यावं अशी रचना बसवली. नॉफसिंगर सायकॉलॉजिस्ट होते, फिजिशियन नाही, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांच्या रचनेत डॉक्टरच्या शेजारी मनाचं जाणणारा माणूस ठेवलेला आहे. बऱ्याच ठिकाणी गट सुरू करताना सगळ्यात आधी काटला जातो तो हाच माणूस. त्याबद्दल पुढे बोलते.

फायदा होतो का, हे तुम्ही विचारणारच. इटलीत ट्युरिनला टाइप २ डायबेटिसच्या ११२ पेशंट्सवर पाच वर्षं अभ्यास झाला, अर्धे गटात आणि अर्धे नेहमीसारखे एकेकटे. पाच वर्षांत एकेकट्यांचं एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, हळूहळू चढत गेलं, गटातल्यांचं चढलं नाही, आणि आजाराबद्दलची समज आणि रोजचं जगणं दोन्ही गटात सुधारलं. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या १००० पेशंट्सवर असाच प्रयोग झाला, तिथेही गटातले पेशंट जास्त समाधानी, जास्त माहितगार आणि औषधं जास्त नियमित घेणारे निघाले. काचबिंदू काय किंवा शुगर काय, दुखत नाही म्हणून माणूस औषध सोडतो. मानसिक आजारात तर बरं वाटायला लागलं की पहिला विचार तोच येतो. मानसिक आजारांवर असे अभ्यास शुगरपेक्षा कमी झालेत हे खरं आहे, पण कमी होण्याचं एक कारण हेही आहे की आम्हाला गटात घ्यायलाच लोक कचरतात.

आता मला काय मिळालं ते सांगते.

गटाच्या तिसऱ्या का चौथ्या भेटीत एकाने विचारलं की अंगदुखीसाठी पेनकिलर घेतली तर चालते का. साधा प्रश्न. डॉक्टर म्हणाले लिथियमवर असणाऱ्यांनी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका, त्याने किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तातली लेव्हल वाढते. मी तेव्हा गुडघ्यासाठी पाच दिवस तीच गोळी घेत होते. रोज दोनदा. हात जास्त थरथरत होते ते मी वयावर ढकललं होतं. मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त दिलं, लेव्हल १.३ आली. माझी नेहमी ०.७ असते. अजून आठवडाभर घेतली असती तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

मी लिथियम सुरू केलं तेव्हा हे मला सांगितलं असणार, मी नाही म्हणत नाही. पण १६ वर्षांपूर्वी, मी जेमतेम शुद्धीवर असताना, दहा सूचनांपैकी एक सूचना म्हणून. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. सात मिनिटांत माणूस फक्त तेच विचारतो जे त्याला आधीपासून माहीत असतं की विचारायचंय. गटात दुसरा माणूस तुमचा प्रश्न विचारतो. ही एकच गोष्ट जरी तुम्ही या पत्रातून घेतली तरी मला चालेल.

दुसरं, तहान. तीन महिने मी रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते आणि पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपत होते. शुगरच्या डॉक्टरांनी अर्थातच शुगर म्हटलं आणि गोळी वाढवली. शुगर उतरली, तहान तशीच. मग मी गप्प बसले कारण परत तेच सांगायला गेलं की आपणच काहीतरी खाल्लं असणार असं समोरच्याला वाटतं हा माझा अनुभव. गटात डॉक्टरांनी लिथियम घेणाऱ्या सगळ्यांना एकदमच विचारलं, रात्री किती वेळा उठता? आणि माझ्यासकट तिघांनी बोटं वर केली. लिथियममुळेही किडनीला पाणी धरून ठेवता येईनासं होऊ शकतं, तहान आणि लघवी अगदी शुगरसारखीच. ज्याला दोन्ही आहे त्याच्यात कोण कुणामुळे होतंय हे ठरवायला दोन्ही आजार एकाच वेळी समोर ठेवणारा कुणीतरी लागतो. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. डायबेटिसवाल्यांना किडनी सांभाळायला म्हणून ज्या बीपीच्या गोळ्या सर्रास देतात त्यातल्या काही लिथियमची लेव्हल वाढवतात, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्याही वाढवतात. देऊ नका असं नाही, पण देताना लेव्हल तपासायला लागते. माझ्या दोन केसपेपरांपैकी एकातही हे लिहिलेलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, ही मला सगळ्यात जवळची. मानसिक आजाराचा पेशंट ओपीडीत गेला की पहिला प्रश्न काय असतो माहीत आहे ना? 'सोबत कोण आलंय?' मग डॉक्टर माझ्या बहिणीला विचारतात, झोपतात का नीट, गोळ्या घेतात का, चिडचिड करतात का. मी तिथेच बसलेली. १६ वर्षं माझ्या झोपेबद्दल दुसरं कुणीतरी उत्तर देतंय. नातेवाईकांना विचारू नका असं मी अजिबात म्हणत नाही, आजार वाढतो तेव्हा आम्हाला स्वतःला कळत नाही आणि बहिणीला चार दिवस आधी कळतं, तिने मला दोनदा वाचवलंय. पण गटात पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मला विचारलं, आणि मी थांबून, आठवून उत्तर दिलं, आणि दहा माणसं ते ऐकत होती. बहीण त्या दिवशी बाहेर बसली होती. घरी जाताना तिला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, तुझा आवाज आज वेगळा आहे.

हात थरथरण्याबद्दल. लिथियमने बारीक कंप येतो, माझा पहिल्यापासून आहे. मी लोकांत हात मांडीखाली घेऊन बसते. गटात समोर एक जण पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून पीत होती, अगदी शांतपणे, लपवत नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या महिन्यात मीही पेला दोन्ही हातांनी धरला. कुणी काही बोललं नाही. हीच ती गोष्ट जी मी तिला विचारून लिहितेय. हे कुठल्याही डॉक्टरला देता येत नाही, कितीही चांगला असला तरी, कारण त्याचे हात थरथरत नाहीत.

मग काय बिघडलं ते.

आधी आकडा वाढला. दहाचे चौदा, चौदाचे अठरा, एके दिवशी चोवीस. खुर्च्या गोलातून रांगेत आल्या. रांगेत आल्या की समोर डॉक्टर आणि मागे पेशंट, म्हणजे शाळा. मग स्लाइड आल्या. मग डॉक्टरांना एकेकाशी बोलायला वेळ उरेना म्हणून ते सगळ्यांना एकदम सांगायला लागले, आणि डोस बदलायचे कागद शेवटी सिस्टर वाटायच्या. काउन्सेलर दुसऱ्या कामाला लागल्या. शेवटची ती पाच मिनिटं, एकट्याने बोलायची, ती आधी 'अगदी गरज असेल तर' झाली आणि मग गेलीच. तरीही नाव ग्रुप अपॉइंटमेंटच राहिलं, आणि रजिस्टरमध्ये चोवीस पेशंट तपासले असं लिहिलं जात होतं. माझ्या मते त्या दिवशी तिथे कुणीही तपासलं गेलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी आत गेलो तर मागे भिंतीला लागून विद्यार्थी उभे. आम्हाला कुणी विचारलं नाही. मला विद्यार्थ्यांचं काही नाही, शिकायलाच पाहिजे त्यांनी, उलट आमच्यासारख्यांना नुसतं वॉर्डात बेडवर बघण्यापेक्षा इथे बघावं. पण विचारा ना. आम्ही सही केली होती, त्यांनी केली नव्हती. त्या दिवशी दीड तासात एकही खरं वाक्य कुणी बोललं नाही. सगळे 'बरं आहे, बरं आहे' म्हणून उठले. पुढच्या महिन्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात मीही गेले नाही. नंतर पाच महिने लेव्हलच केली नाही मी. यात माझाही दोष आहे, पण जागा बिघडली की आधी जागा सुटते आणि मग औषध, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार.

मी ऐकलंय की बंद करताना कारण असं लिहिलं गेलं की पेशंटचा प्रतिसाद कमी झाला. ते वाक्य मला फार लागलं. आम्ही प्रतिसाद देत होतो. आम्ही न येऊन प्रतिसाद दिला.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. गट हा तुमचा वेळ वाचवायचा उपाय म्हणून सुरू कराल तर तो बुडेल. दहा जण ९० मिनिटांत म्हणजे माणशी नऊ मिनिटं, हिशोबाने फार काही वाचतच नाही. वाचतं ते हे, की एकच सूचना दहा वेळा सांगायला लागत नाही आणि प्रत्येकाला ९० मिनिटं डॉक्टर मिळतो. तुमच्या बाजूने नऊ मिनिटं, माझ्या बाजूने ९०. हे गणित जपायचं असेल तर आकड्याला हात लावू नका. दहा म्हणजे दहा, बारा म्हणजे बारा. जास्त पेशंट असतील तर दुसरा गट करा.

एकट्याने बोलायची वेळ तर काढूच नका, कधीच. काही गोष्टी गटात येणारच नाहीत. औषधांनी शरीरसंबंधाची इच्छा जाते, पाळी बिघडते, हे दहा जणांत कोण बोलेल? घरात मार बसतोय हे कोण बोलेल? ती पाच मिनिटं आहेत हे माहीत असलं तरच माणूस उरलेल्या ८५ मिनिटांत मोकळा बसतो, तिथे गेला नाही तरी. आणि गटात यायचं की नाही हे पेशंटनेच ठरवायचं. आज नको म्हटलं की आज नको, आणि त्यामुळे त्याची एकट्याची अपॉइंटमेंट तीन महिने पुढे ढकलायची नाही. ज्या दिवशी गट सक्तीचा होतो त्या दिवशी ती सही खोटी होते.

काही जणांना गट नकोच, हेही मान्य करा. नुकतंच निदान झालेल्याला पहिली भेट एकट्यालाच हवी. मी मॅनियात, म्हणजे मन टोकाला चढलेलं असताना मला गटात बसवलं असतं तर मी कुणाला बोलू दिलं नसतं आणि नंतर महिनाभर लाजेने मेले असते. ज्याला आवाज ऐकू येतायत आणि समोरचे आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतंय त्याच्यासाठी दहा अनोळखी चेहरे म्हणजे छळ आहे. थोडं स्थिर होऊ द्या, मग बोलवा. पण 'मानसिक पेशंट गटात गोंधळ घालतात' म्हणून सरसकट आम्हाला बाहेर ठेवणं हे वेगळं आणि ते चूक आहे. सव्वा वर्षात आमच्या गटात एकदाही आवाज चढला नाही.

काउन्सेलर का लागतात ते आता सांगते. एकदा मी स्वतः गटात म्हणाले की हल्ली सकाळी उठून वाटतं की नसतो आपण तर बरं. बोलून गेले, ठरवलं नव्हतं. खोली गप्प झाली. काउन्सेलर उठल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, म्हणाल्या 'हे बोललात ते चांगलं केलंत, आपण दोघी जरा बाहेर बसूया?' आणि मला घेऊन गेल्या. डॉक्टर मागून आले. माझा पुढच्या आठ दिवसांचा प्लॅन तिथेच ठरला, गोळ्यांची पट्टी बहिणीकडे, रोज एक फोन. आत गट चालू होता, आणि मी परत येऊन बसले तेव्हा कुणी मला उपदेश केला नाही, शेजारच्याने फक्त खुर्ची थोडी सरकवून जागा केली. तिथे नुसते डॉक्टर एकटे असते आणि समोर चोवीस माणसं असती तर हे वाक्य एकतर माझ्या तोंडून आलं नसतं किंवा 'आपण नंतर बोलू' मध्ये गेलं असतं. म्हणून हा माणूस कापू नका. प्रोजेक्टर कापा.

शरीराकडे बघा. हे मी खास सायकियाट्रिस्टना सांगतेय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि बहुतेक जण मनाच्या नाही तर शरीराच्या आजारांनी जातात, हृदय, शुगर, फुप्फुसं. काही गोळ्यांनी भूक आणि वजन झपाट्याने वाढतं, ओलान्झपिन, क्लोझॅपिन ही भास-भ्रमांवरची औषधं घेणाऱ्यांना विचारा. तुमच्याच संघटनांनी २००४ मध्ये अमेरिकेत एकत्र बसून लिहिलंय की अशी औषधं सुरू केल्यावर चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला वजन बघा, बाराव्या आठवड्याला शुगर आणि रक्तातली चरबी तपासा. किती ठिकाणी ओपीडीत वजनकाटा तरी आहे? गटात सिस्टर असतात, काटा असतो, टेप असते, आणि सगळ्यांचंच होतं म्हणून कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. क्लोझॅपिनवाल्यांची बद्धकोष्ठता हा प्रकार मी गटात पहिल्यांदा ऐकला, त्याने माणूस दगावूही शकतो. आणि संडासला होतं का हे कुणी आपणहून सांगत नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं की सांगतात.

आणि शुगरच्या डॉक्टरांना उलटं सांगणं. डायबेटिस असणाऱ्यांत डिप्रेशन साधारण दुप्पट दिसतं. तुमच्या समोरचा पेशंट गोळ्या घेत नाही, चालायला जात नाही, तर तो आळशीच असेल असं नाही. 'मनावर घ्या जरा' हे वाक्य मी तुमच्या लोकांकडून किती वेळा ऐकलंय. मनच आजारी आहे हो, त्याच्यावर काय घेऊ. तुमच्या गटात मनाचं विचारणारा एक माणूस बसवा, म्हणजे तुमच्या औषधाचाही उपयोग होईल.

एक भीती डॉक्टर बोलून दाखवतात, की पेशंट एकमेकांना भलतेसलते सल्ले देतील, गोळी बंद कर सांगतील. देतात. आमच्याकडेही कुणीतरी असं बोलायचं. पण ते सल्ले तसेही मिळतातच, घरी, फोनवर, रांगेत. फरक एवढाच की गटात ते डॉक्टरांच्या देखत मिळतात, आणि डॉक्टर तिथल्या तिथे सांगू शकतात की लिथियम एकदम बंद केलं तर आजार उसळून येऊ शकतो. तेच मला डॉक्टरने सांगितलं होतं तर मी मान हलवली होती. गटात ज्याने ते भोगलंय त्याने पुढे दोन वाक्यं जोडली, ती इथे लिहिणार नाही, पण त्यानंतर गोळी बंद करायचा विचार माझ्या मनात आलेला नाही.

आता कुणी विचारेल, गट सुरू व्हायला वेळ लागेल, माणसं लागतील, खोली लागेल. मान्य आहे. तोपर्यंत एक काम करता येईल. पुढच्या महिन्यात माझी लिथियमची लेव्हल आहे, थायरॉइड आणि किडनीची तपासणी आहे, आणि एचबीए१सी पण आहे. दोन डिपार्टमेंटनी दोन चिठ्ठ्या दिल्यात, दोन वेगळ्या तारखांच्या. गटातल्या सिस्टर या सगळ्याचं रक्त एकाच सकाळी, रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, एकाच सुईत काढायच्या आणि रिपोर्ट दोन्ही केसपेपरांना लावायच्या. एचबीए१सीला उपाशी राहायलाही लागत नाही. कुणी विचारलं नव्हतं त्यांना, त्याच करायच्या. उद्यापासून हे तरी करा, आणि त्या दोन रिपोर्टच्या निमित्ताने तुम्ही दोघं डॉक्टर एकमेकांना एकदा फोन करा. नंबर मी दोन्ही केसपेपरांच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

तुमची,
दोन केसपेपरवाली एक पेशंट